कागदापुरतं बी.एड.

१६ जून, सोमवार

आज मला शाळेतून काढलं. मुख्याध्यापक 'काढलं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "भोये मॅडम, यंदा तुमची ऑर्डर निघणार नाही." आणि हे सांगायला त्यांनी शाळेचा पहिला दिवस निवडला. मे महिन्यात एक फोन केला असता तर काय झिजलं असतं त्यांचं? मी प्रार्थना म्हणून आले, हजेरीपटावर मुलींची नावंसुद्धा लिहून झाली होती.

कारण काय, तर माझं बी.एड. नाही. तीन वर्षं नव्हतं तेव्हा चाललं. पेठच्या पुढं डोंगरातल्या मुलींच्या आश्रमशाळेत राहायला तयार असलेली एम.एस्सी. गणित, फर्स्ट क्लास, दुसरी कोण मिळणार होती त्यांना? दहावीला चाळिसातल्या अकरा मुली गणितात पास व्हायच्या. मी सत्तावीस केल्या. तेव्हा स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल दिलं. आता वरून तपासणी येणार म्हटल्यावर 'पात्र उमेदवार' पाहिजे.

पात्र उमेदवार माझ्या समोरच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. लता वाघ. बी.ए. इतिहास, बी.एड. मला विचारतात, "मॅडम, तुम्ही दहावीला सुरुवात कुठून करायच्या? माझं गणित जरा कच्चंच आहे हो." आणि हे हसून! मी सरांना म्हटलं, "यांना इतिहास द्या ना मग." तर सर म्हणाले, "इतिहासाला माणूस आहे. गणिताला कोणी नाही. वर्ग कुणाला तरी द्यावाच लागेल." मी त्यांच्यासमोर उभी होते, आणि गणिताला कोणी नाही!

निघताना सर दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "कुठंतरी बी.एड.ला नाव घाला. प्रवेशाची पावती आणली की दिवाळीनंतर बघतो. हजेरीचं काही नसतं हो अलीकडे."

शेवटचं दहावीच्या वर्गात गेले. सगळ्या उभ्या राहिल्या. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आजही तशीच शांतता. पहिल्या बाकावर चंद्रभागा. तिचं अक्षर इतकं सुंदर की फळ्यापेक्षा तिची वही बघावी. दोन वर्षांत या मुलीनं मला एकदाही त्रास दिला नाही. मी म्हटलं, "माझ्या वेळच्या वह्या जपून ठेवा. नव्या बाईंना उपयोगी पडतील." लताबाई दारातच उभी होती. ऐकू दे.

१८ जून, बुधवार

नाशिकला मावशीकडे आले. अंबूबाई माझ्या आईची धाकटी बहीण, पेठ रोडला दोन खोल्यांत एकटी राहते. वीस वर्षं झाली, इथल्याच एका बी.एड. कॉलेजात शिपाई आहे. मी सगळं सांगितलं. वाटलं, चार शिव्या घालेल त्या लोकांना. तर म्हणते, "बरा झाला काढली ती. आता तरी नीट शिकशील." अंगाची नुसती लाही झाली माझ्या. मी एम.एस्सी. आहे. अजून किती नीट शिकू?

सीईटी एप्रिलमध्येच देऊन ठेवली होती. मार्क चांगले आहेत. आता ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं भरायची, १४ जुलैपर्यंत. त्या क्रमानं मिळत जातं.

माझा क्रम ठरलाय. त्यांना कागद पाहिजे ना? कागद आणते. जिथं एक दिवससुद्धा तोंड दाखवावं लागणार नाही ते कॉलेज पहिलं. शिकवायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको.

राजू अहिरेला फोन केला. हा सटाण्याकडचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा, आता दुसऱ्या शाळेत पक्का झालाय. "संध्याताई, कसाले टेन्शन लेस? मी बी.एड. करेल शे ना देवळ्याकडून. परीक्षेला जायचं, बस. तुला दाखवून आणतो."

मावशीनं ऐकलं. भांडी जरा जोरात घासली.

२७ जून, शुक्रवार

फोटो अमुक आकारात, सही तमुक आकारात. जात वैधता प्रमाणपत्र तीनदा चढवलं, तीनदा 'अस्पष्ट' म्हणून परत. मी कोकणा आदिवासी आहे हे माझ्या आजोबापासून सिद्ध झालेलं आहे, यांच्या संगणकाला अस्पष्ट दिसतं. चौथ्यांदा गेलं एकदाचं. डोकं भणभणतंय.

३ जुलै, गुरुवार

राजूच्या मोटारसायकलवरून कॉलेज बघून आले. देवळ्याच्या अलीकडे, कांद्याच्या खळ्याशेजारी दोन मजली इमारत. नाव इथं लिहीत नाही. खाली बायका कांदा निवडत होत्या, वर कॉलेज. वासानं डोळे चुरचुरत होते.

वर्गाला कुलूप. खिडकीतून फळा दिसला, त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि 'सुविचार'. ऑफिसात एक क्लार्क आणि कोपऱ्यात एक मुलगी, समोर वह्यांचा गठ्ठा. क्लार्क फार अदबीनं बोलला. "मॅडम, तुम्ही फक्त परीक्षेला या. बाकी सगळं होऊन जातं. सराव पाठांच्या वह्यासुद्धा तयार मिळतात." म्हणजे ती मुलगी लिहीत होती त्या. ज्या शाळेत कुणी गेलं नाही, ज्या वर्गावर कुणी उभं राहिलं नाही, तिथल्या पाठांची टाचणं.

मी एक वही उचलली. गणित, इयत्ता नववी, पायथागोरसचं प्रमेय. प्रत्येक पाठाखाली एकच वाक्य: 'विद्यार्थ्यांनी उत्साहाने प्रतिसाद दिला.' वीस पाठ, वीस वेळा उत्साह. आणि प्रमेयाची सिद्धता चुकलेली! कर्णाच्या जागी पाया. मी पेन काढलं आणि दुरुस्त केलं. क्लार्कची अदब गेली. "ओ मॅडम, खाडाखोड करू नका, ती सबमिशनची वही आहे!"

"चुकीची आहे," मी म्हटलं.

"कोण वाचतंय?"

राजूनं मला हाताला धरून खाली आणलं. वाटेत चहा पाजला. म्हणाला, "तू पण ना. तुले काय करनं शे त्या वहीचं? कागद घे, शाळेत परत जा, तुझं तुझं शिकव." त्याचं म्हणणं बरोबर आहे. मला फक्त तेवढंच करायचंय. लताबाईनं असंच कुठूनतरी आणलं असणार. तिनं आणलं तर चालतं, मी आणलं तर मलाच का लाज वाटावी?

तरी हेच पहिलं टाकणार.

८ जुलै, मंगळवार

आज जे झालं ते लिहितेय. रागानं, दुसरं काही नाही.

मावशी चार दिवस मागं लागली होती, "एकदा माझे कॉलेजात ये. मी ये बोलते म्हणून ये." गेले. गंगापूर रोडवरून आत, जुनी इमारत, शेजारी त्यांचीच शाळा. मावशीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, भाची एम.एस्सी. आहे म्हणून. गर्गे मॅडमसमोर नेऊन उभं केलं. सुधा गर्गे. कधीच्या निवृत्त झाल्यात, तरी गणिताच्या पाठांना येतात. बारीक अंगकाठी, सुती साडी, आवाज मात्र खणखणीत. मावशी त्यांच्यासमोर पदर सारखा करते, त्याचाही मला राग आला.

"कुठलं कॉलेज घालताय पहिलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. वाटलं, आता प्रवचन सुरू. तर म्हणाल्या, "ठीक आहे. तीन वर्षं शिकवलंयत ना? मग चला, आठवीचा तास रिकामा आहे. दहा मिनिटं शिकवा. मला बघायचंय, तुम्हाला काय काय शिकायची गरज नाही ते."

मी घाबरते की काय! बैजिक राशींचे अवयव घेतले. पाच उदाहरणं, तीन पद्धती, फळा काठोकाठ भरला. एकदाही अडखळले नाही, पुस्तकात पाहिलं नाही. चाळीस मुलं चिडीचूप. मी मागं वळले तेव्हा मावशी दारात उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते.

गर्गे मॅडम उठल्या. मधल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "काय कळलं तुला?"

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. म्हणाली, "मॅडमना खूप छान येतं."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर गर्गे मॅडम म्हणाल्या, "ऐकलंत? तुम्हाला येतं, एवढं त्यांना कळलं. तुम्ही शिकवत नाही, संध्या. तुम्ही सोडवून दाखवता."

मी म्हटलं, "माझ्या सत्तावीस मुली पास झाल्यात."

"आणि तेरा?"

मी नमस्कारसुद्धा न करता निघाले. कोण या? पंख्याखाली बसून शहरातल्या पोरांना शिकवणाऱ्या. घरी ज्यांच्या सात पिढ्या शिकलेल्या, ती पोरं यांच्या हाताखाली. माझ्या मुलींचे आईबाप दिवाळी झाली की द्राक्षबागांवर जातात ते होळीला परत. त्या मुलींना मी सत्तावीसपर्यंत आणलं. यांना म्हणावं, या एक वर्ष तिकडे. 'आणि तेरा' म्हणे!

मावशी संध्याकाळी आली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही.

९ जुलै, बुधवार

फॉर्म भरला. देवळ्याचं पहिलं. 'लॉक', म्हणजे कायम, केलेला नाही अजून, तो चौदाला करीन. मावशी म्हणाली, "गर्गे बाईनं माझेजवळ विचारला तुना, परत आली का म्हणून." मी म्हटलं, "तिला सांग, मेली."

दोन दिवस झाले तरी, म्हणजे एकच झाला, ती मुलगी डोळ्यांपुढून जात नाही. छान येतं. काय वाईट बोलली ती?

१२ जुलै, शनिवार

आईकडे आवणीला आले आहे. सकाळभर चिखलात भाताची रोपं लावली, बरं वाटलं. दुपारी शाळेत गेले, अनुभवाचा दाखला आणायला. त्या दाखल्याशिवाय काही अडलेलं नाही, पण तो माझा आहे, त्यांच्या कपाटात का ठेवू?

दहावीच्या वर्गातून गोंधळ ऐकू येत होता. बाजार नुसता. मला आतून किती बरं वाटलं ते इथं खरं खरं लिहिते. म्हटलं, झालं, वाट लावली बाईनं. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

फळ्यावर लताबाईच्या अक्षरात लिहिलेलं: (क्ष + ३)² = क्ष² + ९. मला किंचाळावंसं वाटलं. दहावीच्या वर्गात! आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून चंद्रभागा उठली. जी मुलगी दोन वर्षांत माझ्यासमोर 'हजर' सोडून दुसरा शब्द बोलली नाही ती फळ्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाई, तुमचं चुकलं. क्ष ला एक धरा. इकडं सोळा येतात, तिकडं दहाच."

मागून कोणी ओरडलं, "मग सहा गेले कुठं?" दुसरी म्हणाली, "दोन धरून बघ गं." चार-पाच जणी फळ्याशी. एकमेकींच्या हातातून खडू ओढतायत. आणि लताबाई? ती मागच्या बाकावर जाऊन बसली होती, हनुवटीला हात लावून, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी. "खरंच की गं. कुठं गेले सहा?"

दहा मिनिटांनी त्यांना सहा सापडले. सहा क्ष. माझ्या वहीत हे सूत्र पहिल्याच पानावर चौकटीत आहे. मी ते अर्ध्या मिनिटात लिहून दिलं होतं.

पुढच्याच ओळीला लताबाईनं चिन्ह चुकवलं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळ्यांनी तसंच उतरवून घेतलं. म्हणजे ती काही देवी वगैरे नाही. या मुलींना बोर्डाच्या परीक्षेत त्या चिन्हाचे मार्क कोण देणार आहे? पण मला जितका राग यायला हवा होता तितका आला नाही, आणि त्याचा फार राग आला.

तास सुटल्यावर चंद्रभागाला नळापाशी गाठलं. "वर्गात एवढा आरडाओरडा? माझ्या वेळी असं होतं का?"

"नाय मॅडम."

"माझ्या वेळी कळत होतं ना पण?"

ती पायानं माती उकरत राहिली. "तुम्ही लिवायच्या तवा कळायचं. फळा पुसला का जायचं."

"मग विचारलं का नाही?"

"तुम्हाला राग यायचा."

"मी कधी रागावले तुझ्यावर?"

"माझ्यावर नाय. मागं एकदा ताराला बोलल्या ना, हे पण येत नाय का म्हणून. सगळ्या होस्टेलात कळलं. मंग कोनीच नाय विचारलं."

मला तारा आठवली. तो दिवस मात्र काही केल्या आठवला नाही. तारा दोन वर्षांपूर्वीच्या दहावीची, नापास झालेल्या तेरातली.

निघताना लताबाई मागून धावत आली. मला वाटलं, त्या दिवशीचं काढणार. तर म्हणाली, "मॅडम, वर्गसमीकरणाचा धडा मला एकदा समजावून सांगाल का? पोरी पुढं जातात, मी मागं राहते." मी ओट्यावर बसून तासभर सांगितलं. सहा वेळा विचारलं तिनं, तेच तेच. सहाव्यांदा मी तोंड उघडलं आणि काय बोलणार होते ते माझं मलाच ऐकू आलं. गप्प बसले. सातव्यांदा वेगळ्या रीतीनं सांगितलं, तेव्हा तिला कळलं.

"तुमचं बी.एड. कुठलं?" मी विचारलं.

"होतं एक. दोनदा गेले होते फक्त," ती म्हणाली. "कुणी काही शिकवलंच नाही हो."

१४ जुलै, सोमवार

शेवटची तारीख. सकाळपासून मोबाइल पुढ्यात घेऊन बसले. देवळ्याचं पहिलं, नाशिकचं, मावशीचं, चौथं, मध्ये आणखी दोन तसलीच.

राजूचा फोन: "लॉक करं का? तुझ्या सरांचाबी फोन उना होता मले. पावती आणली तर दिवाळीनंतर पक्कं म्हणतात."

मी म्हटलं, "राजू, तुला त्या वहीतलं एक तरी टाचण आठवतं?"

"कसाले आठवाले पाहिजे? मी लिव्हलंच नाही ते."

"मग तू वर्गात काय करतोस?"

तो चिडून म्हणाला, "जे माझ्या सरांनी केलं तेच करतो. तू मोठी शहाणी लागून गेली." फोन आपटला. मला वाईट वाटलं. त्याच्या जागी मी असते तर मीही आपटला असता.

तिन्ही नावं काढून टाकली. एकच ठेवलं. नाशिकचं. फॉर्म विचारत होता: 'आपण एकच पर्याय भरला आहे. खात्री आहे का?' खात्री कसली डोंबलाची. हे नाही मिळालं तर वर्ष गेलं, आणि शाळा तर गेलीच. दोन वर्षं पूर्ण हजेरी, म्हणजे दिवाळीनंतरची ती जागासुद्धा गेली. मी लॉक केलं.

गर्गे मॅडमसाठी केलेलं नाही हे. त्यांचं तोंड बघायची मला अजिबात हौस नाही. मला त्यांना दाखवून द्यायचंय.

मावशीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "रागात केलास का?"

"हो."

"बरा आहा. वीस वर्षं बघते मी. हौसेनं आलेल्या पोरी पाठ फसला का घरी पळतात."

२४ जुलै, गुरुवार

लागलं. पहिल्याच फेरीत. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे परत शिकायचं? अजून?" मी म्हटलं, "अजून." आणि शाळेच्या ग्रुपमधून बाहेर पडले. दहा मिनिटं रडले. कुणी गेल्यासारखं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दीड महिना वहीला हात लावला नाही. वेळच नाही. सकाळी सात चाळीसला हजेरी, एक मिनिट उशीर झाला की मावशी स्वतः माझ्या तोंडावर दार लावते, "नियम आहा." सूक्ष्म पाठ म्हणजे काय तर सहा मिनिटं आपल्याच मैत्रिणींना शिकवायचं. मला त्याचा वैताग येतो, मी तोंडावर सांगते, गर्गे मॅडम म्हणतात, "छान. पुन्हा करा."

आज पहिला खरा पाठ होता, सातवीवर. अपूर्णांकांची बेरीज. मला वाटलं, सातवी म्हणजे काय, झोपेत घेईन. फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३. आणि विचारलं, "किती?" मॅडमचा नियम आहे, प्रश्न विचारला की तोंड बंद. मी तोंड बंद केलं. इतकं जड जातं ते. उत्तर जिभेवर असतं आणि चाळीस तोंडं गप्प.

खिडकीपाशी बसलेली एक मुलगी म्हणाली, "दोन पंचमांश."

चूक. साफ चूक, सगळे करतात ती. माझा हात पुसायला वर गेला होता. तो तसाच राहिला. मी विचारलं, "कसं काय?"

"आमच्या घरी आम्ही दोघं. त्यातली मी एकटी शाळेत येते. काकांकडं तिघं आहेत, त्यातला एक येतो. म्हणजे दोन्ही घरची मिळून पाच. त्यातली दोघं शाळेत."

वर्गानं माना डोलावल्या. माझीही डोलली असती. कारण ते खरं होतं! पाचातली दोनच. मी एम.एस्सी. आहे, मला ठाऊक आहे की उत्तर पाच षष्ठांश. पण तिचं कुठं चुकलं ते मला त्या क्षणी सांगता येईना. 'असं नसतं' एवढंच येत होतं तोंडात, आणि ते मी गिळलं. मी म्हटलं, "तुझा हिशेब बरोबर आहे. मग गणिताचा वेगळा का येतो?" एकानं भाकरीचं चित्र काढलं. दुसरा म्हणाला, दोन्ही भाकरी सारख्याच मोठ्या पाहिजेत ना. तिसरी म्हणाली, घरं कुठं सारखी असतात. वाद पेटला. मी मध्ये उभी, घाम फुटलेला. तेवढ्यात मावशीनं घंटा दिली. जराही थांबली नाही बाई.

उत्तर फळ्यावर आलंच नाही.

गर्गे मॅडमनी शेरा लिहिला: 'पाठ अपूर्ण. फळालेखन विस्कळीत. वेळेचे नियोजन नाही.' दहापैकी चार. चार! मला उभ्या आयुष्यात गणितात कुणी चार दिलेले नाहीत. मी वही घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "मॅडम, चार कशाबद्दल?"

"पाठ संपला नाही म्हणून."

"तो संपण्यासारखा नव्हताच!"

त्यांनी चष्मा काढला. "मग सोमवारी पुन्हा घ्या. तोच वर्ग."

मी आत्ता गच्चीवर बसले आहे, अजून उजेड आहे. चार पानं भरून चित्रं काढली, घरं, भाकऱ्या, पुन्हा घरं. पूर्ण एक म्हणजे नक्की किती, इथं सगळं अडतं. दोघांचं घर आणि तिघांचं घर एकच कसं धरायचं? हे त्या मुलीला कळेल असं सांगायला मला अजून जमत नाहीये, आणि तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. मूर्खासारखी विसरले. सोमवारी आधी नाव विचारायचं.